गाबतीणीभोवतीचा फेर

मोरवेली बंदरावर त्या दिवशी अख्खा गाव पाण्याच्या काठाला उभा होता आणि एकाही माणसाचा पाय ओला नव्हता.

समुद्रात बाई हरवली होती. आणि बाई तरी कोण, तर वैजयंती गिरप! तिने एक हाक मारली की भरतीसुद्धा दोन पावलं मागे सरते, असं तिच्या बचतगटातल्या बायकाच म्हणायच्या. सकाळी ती एकटीच होडी घेऊन गेली, कारण जोडीदारीण तापाने पडलेली. दुपारी होडी सापडली. उपडी. वैजयंती नाही. तिच्या नारिंगी जाकिटातला बीपरही मुका. ड्रोन दोनदा उडवला, वाऱ्याने दोनदा धरून परत आणून आपटला.

आणि तरीही वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांपैकी एकीचंही तोंड पाण्याकडे वळलेलं नव्हतं.

"बाबल मामा, होडी घाला ना! घाला ना हो!" प्रांजलने म्हाताऱ्याचा हात इतका ओढला की त्याच्या खांद्यावरचा पंचा खाली पडला. प्रांजल म्हणजे वैजयंतीची धाकटी. बारावीत होती, आणि बोलण्यात तिचा हात धरणारं बंदरावर कोणी नव्हतं. आज मात्र तिला एकच वाक्य येत होतं.

बाबल मामाने मच्छीमार सोसायटीच्या गच्चीकडे बोट केलं. तिथे लाल निशाण फडफडत होतं. "ता बघलंस मा? ता असताना होडी घातली तर नकाशो बिघडता. मगे तुझी आवस खंय आसा, ता कोण सांगतलो?"

"पण पूर्वी घालायचात ना सगळे?"

"पूर्वी शंख वाजलो की जेवणाच्या ताटार्सून उठान होडये सुटायचे." म्हाताऱ्याने पंचा उचलून झटकला. "पूर्वी दहा बुडाले तर दोन गावायचे गो. नकाशो इल्यापासून सगळे गावतत. मी काय नि कसा बोलू?"

आणि हे खरंच होतं. कुबलांचे दोघे भाऊ नकाशाने सापडले. कोळंबीच्या ट्रॉलरवरचा तो ओडिशाचा मुलगा सापडला. नकाशावर लाल ठिपका उमटायचा, वेगबोट सरळ तिथे जायची, आणि माणूस तिथेच असायचा, देवळात ठेवलेल्या नारळासारखा.

नकाशा बनायचा दाण्यांपासून. काथ्या आणि मक्याची खळ यांचा वाटाण्याएवढा गोळा, पोटात कणभर चिप, आठवड्याभरात पाण्यात विरघळून जाणारा. बचतगटाच्या बायका रोज सकाळी ते समुद्रात पेरायच्या, भातासारखे मुठीमुठीने. वैजयंती सकाळी गेली ती हेच करायला. दाणा वाहायचा आणि वाहता वाहता सांगत राहायचा की मी अमुक दिशेला, अमुक वेगाने चाललोय. ऐकायचा तो एक खांब. हा खांब समुद्रात, गाबतीणीच्या डोक्यावर उभा होता. गाबतीण म्हणजे एक खडप, पाण्यातून वर आलेला खडक. मासळीची पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या कोळणीसारखं दिसतं म्हणून हे नाव. किनाऱ्यावरून तिची फक्त पाठ दिसते. तोंड तिचं कायम खोल समुद्राकडे.

होडीचा पंखा फिरला की पाणी घुसळतं, दाणे भलतंच सांगायला लागतात. एकट्या वेगबोटीची घुसळण यंत्र वजा करतं, गावभरच्या होड्यांची नाही. म्हणून लाल निशाण. म्हणून शोध चालू असताना कुणी पाण्यात उतरायचं नाही. आपल्या माणसाला वाचवायचं तर हात बांधून उभं राहायचं, हे मोरवेली गेल्या काही वर्षांत शिकली होती. शहाण्या मुलांच्या वर्गासारखा गाव गप्प उभा होता.

त्या नकाशाच्या खोलीत, गच्चीच्या खालच्या मजल्यावर, पडद्यासमोर बसली होती अक्षता गिरप. प्रांजलची ताई. वैजयंतीची थोरली.

स्वतःच्याच आईला शोधत होती.

*

आता थोडं गणित. घाबरू नका, प्रांजललाही ते मांदेली तळता तळताच कळलं होतं.

समुद्राच्या प्रत्येक ठिपक्यावर एक बाण काढलाय असं समजा. पाणी जिकडे जातंय तिकडे बाणाचं टोक, आणि वेग जास्त तर बाण लांब. असे लाखो बाण. नुसते बघत बसलात तर जत्रेत सगळी माणसं एकदम बोलावीत तसं होतं, शब्द काही कळत नाही. म्हणून बाणांना नेमके प्रश्न विचारावे लागतात. ते प्रश्न विचारायची एक खूण आहे, शेंडा खाली असलेला उलटा त्रिकोण. ताईच्या भाषेत नाब्ला. प्रांजलच्या भाषेत उलटा समोसा.

"हसू नको," ताई तेव्हा झारा हलवत म्हणाली होती. "हा समोसा म्हणजे मास्तर समज. एकटा उभा असला तर विचारतो, चढ कुठल्या बाजूला आहे? पुढे ठिपका लावला की विचारतो, इथे पाणी पसरतंय की जमतंय? आणि ठिपक्याऐवजी फुली मारली की विचारतो, इथे पाणी गरगर फिरतंय का?"

"आणि बुडालेल्या माणसाला कुठला मास्तर शोधतो?"

"ठिपकेवाला. पाणी चारी बाजूंनी एका जागी जमलं तर जाईल कुठे? खाली जाईल. पण तरंगणारी वस्तू खाली जाऊ शकत नाही. ती वरच अडकते. पानं, थर्माकोल, दाणे, माणसं. जिथे जमतंय तिथे नकाशा लाल. जिथे पसरतंय तिथे निळा."

"आणि ठिपका लावून करायचं काय नक्की?"

"काही नाही गो. त्रिकोणाला बाणच असल्यासारखं वागवायचं. पूर्वेचा तुकडा पूर्वेशी, उत्तरेचा उत्तरेशी, आणि बेरीज. पूर्वेकडे जाताना पूर्वेचा वेग किती बदलला, उत्तरेकडे जाताना उत्तरेचा किती बदलला, घाल एकत्र. झाला मास्तर खूश."

इतकं सोपं! प्रांजलने दुसऱ्या दिवशी वर्गात अख्ख्या बाकाला ते समजावून सांगितलं होतं, समोशासकट. चौकोनी घरांच्या नकाशात ते शंभर नंबरी खरंच आहे.

पण मोरवेलीचा नकाशा आता चौकोनी नव्हता. मागच्या वादळात किनाऱ्यावरचा जुना खांब कोसळला आणि नवा गाबतीणीवर बसवला. नवा खांब पूर्व-उत्तर मोजत नाही. तो मध्ये उभा राहून चहूकडे कान देतो: दाणा माझ्यापासून किती लांब, आणि कुठल्या दिशेला. म्हणून नकाशात आता चौकोन नाहीत, कडी आहेत. पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशी, एकात एक. ते सगळं ताईनेच बसवलं होतं. पूर्वेच्या जागी 'बाहेरचा वेग', उत्तरेच्या जागी 'गोल फिरण्याचा वेग'. मास्तर तोच, ठिपका तोच, बेरीज तीच. नकाशाचं यंत्र देणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या माणसांनी खोल पाण्यात लाकडी ओंडके सोडून तपासलं, सगळे सापडले. ताईला पेढे मिळाले आणि त्यातले निम्मे प्रांजलने खाल्ले.

*

उन्हं कलायला लागली.

लांब पश्चिमेला, खोल पाण्यात वेगबोट लाल ठिपक्यावर गोल फिरत होती, माशीएवढी दिसत होती. कर्ण्यातून मधूनमधून तिच्या कप्तानाचा आवाज यायचा. "अजून काही नाही. फिरतोय. अजून काही नाही."

प्रत्येक वेळी गाव एक श्वास सोडायचा.

प्रांजल वाळूत मटकन बसली. तिच्या डोक्यात एकच चित्र होतं. आई सकाळी निघताना म्हणाली होती, "चाय ठेवलंय, निवायच्या आधी पी." आणि प्रांजलने फोनमधून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतं. तो चहा अजून तसाच असेल. साय धरली असेल.

तिला हुंदका आला, आणि तो ऐकून बचतगटातल्या बायका हलल्या. कोणी डावीकडून, कोणी उजवीकडून, कोणी होड्यांच्या मागून. कोणी धावलं नाही. सगळ्या हळूच, एकेक पाऊल टाकत तिच्याकडे आल्या. "रडा नको गो." "गावतली तुझी आवस." "वैजू काय अशी जाणारी न्हय." पदर, खांदे, खोबरेल तेलाचा वास. आणखी एक पाऊल. कोणाचं कोपर लागलं, कोणाचा गुडघा पाठीत रुतला. प्रांजलला श्वास घ्यायला जागा राहिली नाही.

"बायांनो, मागे व्हा!" ती गुदमरत ओरडली. "चेंगरताय मला!"

"आम्ही खंय चेंगरतोव? एक एक पावल तर टाकलव."

प्रांजल रडायची थांबली.

एकेक पाऊल. कोणाचाही वेग वाढला नाही, कोणाचाही कमी झाला नाही. तरी मध्ये चेंगराचेंगरी. का? कारण सगळ्या गोलातून आत येत होत्या. आणि गोल आत आला की लहान होतो.

चतुर्थीची फुगडी! आई मध्यभागी उभी राहून हुकूम सोडायची, "आत!", की सगळा फेर एकेक पाऊल आत यायचा आणि खांद्याला खांदे घासायचे. "भायर!", की तीच पावलं मागे, आणि हातातून हात सुटायचे. पावलं तेवढीच. फक्त गोल लहान-मोठा झालेला.

समोशाने ते कुठे मोजलं होतं?

मास्तर विचारत होता, आत येताना वेग बदलला का? गोल फिरताना वेग बदलला का? बस्स. गोलच आकसतोय की काय, हे त्याला कोणी विचारायला सांगितलंच नव्हतं. चौकोनात ते विचारावं लागत नाही, कारण पूर्व सगळीकडे पूर्वच असते. गोलात मात्र 'बाहेर' ही दिशा प्रत्येक पावलाला वळते, आणि वळताना आपला वाटा मागते. एक अख्खी संख्या बेरजेत कमी पडत होती: वेग भागिले खांबापासूनचं अंतर. खोल पाण्यात अंतर एवढं मोठं की भागाकार म्हणजे चिमूटभर मीठ. म्हणून ओंडके सापडले, म्हणून कुबलांचे भाऊ सापडले. पण खांबाच्या जवळ? अंतर जेवढं लहान, तेवढी ती संख्या डोंगराएवढी.

म्हणजे नकाशा लांबचं खरं सांगत होता. आणि अगदी नाकासमोरचं खोटं.

प्रांजल बायकांच्या मांड्यांमधून रांगत बाहेर पडली आणि सोसायटीच्या जिन्याकडे पळत सुटली.

*

खोलीत पंख्याचा आवाज होता आणि ताईची पाठ. ताई पाठ टेकून बसलीच नव्हती, खुर्चीच्या टोकावर होती. शेजारी बंदर अधिकारी पेठे साहेब उभे होते, हातात थंड झालेला चहाचा कप.

"ताई! गाबतीणीजवळचा रंग कुठला आहे?"

"निळा. प्राजू, खाली जा."

"निळा नाहीये तो! ताई, फेर आत येतो तेव्हा... बायका आत्ता... मी मध्ये होते ना, तर एकेकच पाऊल..."

"प्राजू." ताई वळली. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं. "आता नको गो. हात जोडते."

"अगं पण नकाशा चुकलाय!"

पेठे साहेबांनी कप खाली ठेवला. "बाळ, मागच्या महिन्यात तू त्सुनामी येणार म्हणून अख्खं बंदर डोंगरावर चढवलंस. भरतीचा तक्ता उलटा धरला होतास."

"तो उलटा होता, हे मी मान्य केलं ना!"

"केलंस. आम्ही तीन तास करवंदीत बसल्यावर."

दुसऱ्या कुठल्या दिवशी प्रांजल लाजून पळाली असती. आज तिने ताईच्या खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. "ताई, एकच विचारते. एकच. मग मी तोंड शिवून बसेन. गाबतीणीच्या जवळच्या कड्यांवर बाण कुठे जातायत?"

ताईने सवयीने पडद्यावर बोट ठेवलं. "आत. खडपाच्या पलीकडच्या अंगाने सगळे आत येतायत. पण आत येता येता वेग वाढतोय त्यांचा, म्हणजे पाणी ताणलं जातंय, विरळ होतंय. म्हणून निळा. तिथे काही टिकणारच नाही."

"वेग वाढतोय म्हणून ताणलं जातंय. बरोबर. आणि कडं?"

"काय कडं?"

"ज्या कड्यावरून ते आत येतायत, ते कडं लहान होतंय ना! फुगडीत आये 'आत' म्हणते तेव्हा काय होतं? तू वेग मोजलास. फेर आकसला तो कोणी मोजला?"

ताईने पडद्यावरचं बोट एकेका कड्यावरून आत सरकवत नेलं.

मग तिने समोरच्या काचेवरच्या धुळीत बोटाने उलटा त्रिकोण काढला. पुढे ठिपका. खाली बेरजेचे दोन तुकडे लिहिले, जे नकाशात होते. थांबली. आणि त्यांच्या शेजारी, फार हळू, तिसरा. वेग भागिले अंतर. गाबतीणीच्या अगदी जवळच्या कड्यावरचे आकडे पडद्यावरून वाचत तिने ओठातल्या ओठात भागाकार केला.

"दुप्पट आहे," ताई म्हणाली. "ताणलं जातंय त्याच्या दुप्पट आकसतंय. निळा नाही. लाल आहे. गर्द लाल."

"मग बदल ना! नवीन नकाशा काढ!"

"कुलूप आहे त्याला. पुण्याहून उघडावं लागतं. उघडलं तरी सगळं मोजून यायला..." तिने खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य आता पाण्याकडे झुकला होता. "आणि वेगबोट तिथून परत येईपर्यंत काळोख."

"म्हणजे होड्या घालायच्या," प्रांजल म्हणाली.

"थांबा, थांबा." पेठे साहेब दोघींच्या मध्ये आले. ते काही वाईट माणूस नव्हते, कपाळावर घाम होता त्यांच्या. "अक्षता, तू हुशार आहेस, ऐक. होड्या पाण्यात गेल्या की नकाशा संपला. लांबचा लाल ठिपका खोटा नाही ना? तूच म्हणतेस, लांबचं बरोबर आहे."

"बरोबर आहे."

"मग त्या तिथेही असू शकतात."

"असू शकतात."

"आणि हा भागाकार धुळीत केलाय तू. आई हरवलेल्या मुलीने. धाकट्या बहिणीच्या सांगण्यावरून. चुकला असेल तर? मग ना तो ठिपका राहिला, ना हा. मग आपण त्यांना कुठे शोधायचं?"

कर्ण्यातून कप्तानाचा आवाज आला. "अजून काही नाही."

प्रांजलला वाटत होतं की आता ताईला जोरात काहीतरी सांगावं, हजार वाक्यं सांगावीत. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही खात्री नाहीये. त्सुनामीच्या वेळी केवढी खात्री होती! "मला माहीत नाही ताई," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही."

ताईने बहिणीकडे नीट पाहिलं. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा प्रांजल 'मला माहीत नाही' म्हणाली होती, आणि कदाचित त्यामुळेच ताई उठली.

"साहेब, नकाशा मी बसवला. त्याच्यात चूक माझी आहे. निशाणही मीच काढते."

*

लाल निशाण खाली येताना बंदरावरून एक विचित्र आवाज उठला. ओरडा नव्हता तो. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी दार उघडल्यासारखा आवाज होता. प्रांजल जिन्यावरून उड्या मारत खाली आली तेव्हा बाबल मामाची होडी अर्धी पाण्यात होती.

"खंय?" म्हातारा एवढंच म्हणाला.

"गाबतीण! पलीकडच्या अंगाला! पण सगळ्यांनी एकदम नका घुसू, आई होडीखाली आली तर पंख्यात..." तिने हात फिरवून दाखवला. "फेर धरा. फुगडीसारखा. बाहेरून गोल, मग पंखे बंद, मग वल्ह्यांनी आत."

"आयकलास रे?" बाबल मामा ओरडला. "फेर धरा! बायलांक घेया संगत, फेराचा आमच्यापेक्षा त्यांकाच जास्त कळता!"

प्रांजल बाबल मामाच्या होडीत चढली आणि होड्या सुटल्या. बचतगटातल्या बायका साड्या खोचून चढल्या. मागे सोसायटीच्या खिडकीत ताई दिसत होती. ती खाली उतरली नव्हती. कोणीतरी कर्ण्याशी हवं होतं, आणि कोणीतरी तो पडदा बघायला हवा होता. प्रांजलला तो न बघताही दिसत होता. एकेक होडी पाण्यात शिरतेय आणि निळ्या-लालाची जाळी उसवतेय, फाटतेय, नुसती मुंग्यांची गर्दी होतेय. लांबचा लाल ठिपकाही विझतोय. आई जर तिकडे असेल, तर ताई आत्ता तिला स्वतःच्या हाताने पुसत होती, आणि बघत होती.

खडपाला वळसा घातला. गाबतीणीचं तोंड प्रांजलने कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. काळं, शेवाळलेलं, डोळ्यांच्या जागी कपारी. लाटा तिच्या मांडीवर आपटत होत्या आणि एवढा गोंगाट होता की किनाऱ्यावरून कोणी शंभर वर्षं हाका मारल्या असत्या तरी ऐकू आल्या नसत्या.

होड्यांनी फेर धरला. पंखे बंद झाले.

"आत!" प्रांजल ओरडली. तिचा आवाज फुटला, कारण तो हुकूम आईचा होता.

फेर एक वल्हं आत आला.

काही नाही. फेस. एक फाटकी चप्पल, कोणाची कोण जाणे.

"आत!"

थर्माकोलचा तुकडा. सुपारीची झावळी. आपण चुकलो. पुन्हा चुकलो. तक्ता पुन्हा उलटा धरला, आणि या वेळी करवंदीत बसून हसण्यासारखं काही उरणार नाही.

"आत," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नसेल, पण वल्ही चालली.

होड्यांच्या कडा एकमेकींना घासायला लागल्या, खांद्याला खांदे घासावेत तशा. आणि मग शेजारच्या होडीतली बचतगटाची सुमन काकू उभी राहिली आणि नुसती बोट दाखवत राहिली.

पाण्यावर एक चटई तरंगत होती. तपकिरी, जाड, लाटेबरोबर वरखाली होणारी. दाणे! हजारो दाणे, एकमेकांना चिकटून, थरावर थर. यंत्राला ते दिसलेच नसणार. दाणे एकमेकांना घासू लागले की ते बिघडले असं समजून यंत्र त्यांना मोजणीतून काढून टाकतं. सकाळी मुठीमुठीने पेरलेले सगळे दाणे समुद्राने हळूहळू, एकेक पाऊल, इथे आणून गोळा केले होते.

आणि चटईच्या मधोमध काहीतरी नारिंगी होतं.

नंतर काय झालं ते प्रांजलला सलग कधीच आठवलं नाही. आपण उडी मारली की कोणी ढकललं, हेही नाही. दाणे तोंडात गेले, त्यांची चव खळीसारखी होती, हे आठवत होतं. आईचा हात थंडगार, पापलेटसारखा गुळगुळीत लागला, हे आठवत होतं. बाबल मामा आणि सुमन काकूने दोघींना एकदमच वर ओढलं. आईचे ओठ निळे होते. केसांत, कानात, जाकिटाच्या पट्ट्यांत दाणेच दाणे. सुमन काकूने तिला कुशीवर वळवून पाठीत धपाटे घातले. एक. दोन. काही नाही. पुन्हा.

होडीच्या तळाशी पडलेला बिनतारी फोन खरखरला. "प्राजू?" ताईचा आवाज. "प्राजू, इथे पडद्यावर काहीच उरलं नाही. मला काही दिसत नाहीये. कोणीतरी बोला. प्राजू, बोल ना गो काहीतरी."

प्रांजलने फोन उचलला. बटण दाबलं. तोंड उघडलं.

तिला शब्द आला नाही. एकसुद्धा नाही.

तेवढ्यात आईच्या अंगातून एक उबळ आली, तिच्या तोंडातून खारं पाणी भसकन बाहेर पडलं, दाण्यांसकट, आणि ती खोकली. खरवडून, घशाच्या तळातून. मग पुन्हा खोकली. मग डोळे न उघडताच घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटली. कान लावला तेव्हा कळलं, ती विचारत होती, "चाय पिलंस?"

प्रांजलने बटण दाबूनच ठेवलं होतं. तिने फोन आईच्या तोंडाशी धरला आणि तसाच धरून बसली, म्हणजे पलीकडे, त्या रिकाम्या पडद्यासमोर, ताईला पुढचा खोकलाही ऐकू जाईल.